तळभाव

२०४४ साल हे दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यातलं बोलणं संपल्याचं साल. ते आधीपासून खुंटत चाललं होतं, पण त्या वर्षी बार्शीच्या भाजीबाजारातसुद्धा माणसं मुकाट्याने पिशवी पुढे करू लागली. गिऱ्हाइकाच्या मनगटावरचं यंत्र गाळ्यावरच्या यंत्राशी क्षणभर काहीतरी कुजबुजायचं आणि मेथीची जुडी पिशवीत पडायची. "कशी दिली?" नाही, "सकाळपासून तुम्हीच पहिल्या, ताई" नाही, काही नाही.

सुलभा बुडूख यांच्या जिवाला हे फार लागलं. त्यांचं उभं आयुष्य वीज कार्यालयाच्या बिलखिडकीवर गेलं होतं. तिथे पावतीवरचा आकडा म्हणजे आकडा. समोरचा रडो की भांडो, पैसा इकडचा तिकडे होत नसे. दिवसभर दाबून ठेवलेली ती हौस संध्याकाळी बाजारात बाहेर पडायची. सुलभाताई भाव करू लागल्या की शेजारच्या गाळ्यावरची माणसं हातातलं काम ठेवून ऐकत. त्या चढ्या आवाजात बोलत नसत. मालाला नावंही ठेवत नसत. दुकानदाराच्या पोरीबाळींची चौकशी करत, मालाचं कौतुक करत आणि बोलता बोलता अर्ध्यावर येत. तिथून पुढे मात्र त्या दुकानदाराच्या चेहऱ्याकडे पाहत. त्याच्या हसण्यातला रस संपला, नुसते दात उरले, की म्हणत, "बास. बांधा." आणखी उतरला असता हे त्यांना कळे, तरी त्या थांबत. पुढच्या आठवड्यात त्याच माणसाकडे पुन्हा यायचं असे ना!

लग्न होऊन सहा महिने झाले नव्हते तेव्हा त्यांनी सोलापुरात एक पिवळी कॅसेट अशीच मिळवली होती. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम तेव्हा नवलाईचा होता. नवरा बिचारा पलीकडच्या फुटपाथवर, ओळख नसल्यासारखा उभा. सुलभाताईंनी पाठ फिरवली, चालू लागल्या, दुकानदाराने हाक मारली, आणि कॅसेट पदराखाली आली. घरी महिनाभर मजा चालली. मग माहेरपणाला आलेल्या थोरल्या नणंदेने, यमुनावन्संनी, ते पाहिलं. "नवी सून आहे की सर्कशीतली? टीव्हीपुढे बसून बंदुका उडवते!" कॅसेट माळ्यावर गेली. आणि दोघींमध्ये जी अढी बसली, ती सणावारी हळदीकुंकू लावतानाही सुटली नाही.

आता यंत्राबद्दल सांगायला हवं.

आधी दुकानांनी सुरुवात केली. कोणत्या माणसाला कशाची किती निकड आहे हे त्यांच्या यंत्रांना कळू लागलं, तसा एकाच साबणाच्या वडीला दहा जणांना दहा भाव लागू लागला. तान्ह्या मुलाच्या आईला दूधपावडर महाग, बाकीच्यांना स्वस्त. लोक चिडले. मग गिऱ्हाइकांच्या बाजूनेही एक यंत्र आलं. त्याचं कागदोपत्री नाव 'भावज्ञ', पण घासाघीस करतो म्हणून सगळा महाराष्ट्र त्याला घाश्या म्हणायचा.

घाश्याची रीत अशी. कोणत्याही विकणाऱ्याच्या मनात एक तळाचा भाव असतो. त्याखाली तो जात नाही, आणि तो आकडा कुणाला सांगत नाही. घाश्या दुकानाच्या यंत्राशी पापणी लवायच्या आत हजारो वेळा खोटा सौदा करून पाही. मागायचं, माघार घ्यायची, पुन्हा वळायचं, थोडं वाढवून बघायचं. दर खेपेला उत्तर किती पटकन आलं, किती कचरत आलं, किती आकड्यांनी सरकलं, यावरून तो तळ हुडकत असे. अंधाऱ्या विहिरीत दोर सोडून पाणी किती खोल आहे ते पाहावं, तसं. आणि एका घराच्या घाश्याला तळ सापडला की तो देशभरच्या सगळ्या घाश्यांना त्याच क्षणी कळायचा.

सुलभाताईंच्या सुनेने, ऋतुजाने, घरात घाश्या बसवला तेव्हा ताई दोन दिवस रुसल्या. "माझं एकच काम उरलं होतं घरात, तेही नेलंस."

"आई, तुम्ही बाजारात दोन तास उन्हात उभ्या राहून वीस रुपये वाचवता. हा बसल्या जागी महिन्याला हजारो वाचवतो."

हिशोबाने ते खरं होतं. आणि मग घाश्याने त्यांना एक खेळ मिळवून दिला आणि त्यांचा रुसवाच पळाला.

खेळाचं नाव 'काठावरचं गाव'. डोळ्यांना चष्मा लावायचा, बोटात अंगठी घालायची, की आपण नदीकाठच्या एका गावात उभे. बोटं हलवली की पावलं पडतात. तिथे शत्रू नाही, बंदूक नाही, गुण नाहीत. आपलं एक घर, एक अंगण, नदीवर होडी. गावातली बाकीची माणसंही कुठल्या कुठल्या गावांतले खरे लोकच. खेळाची किंमत नऊशे रुपये लिहिलेली. घाश्याने तो अकरा रुपयांना आणला.

"अकरा!" सुलभाताईंनी हे निदान चाळीस घरी सांगितलं. त्यांतल्या पुष्कळांनी तो खेळ तेवढ्यालाच घेतला. आणि एक प्रत, चष्मा-अंगठीसकट, ताईंनी लातूरला यमुनावन्संना पाठवली. कौतुकाने कमी आणि टोचायला जास्त, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक होतं.

वन्संचं खुब्याचं हाड मोडून वर्ष झालं होतं. ते सांधलं नाही. पलंग, खिडकी आणि छत, एवढंच त्यांचं जग उरलं होतं. त्यांनी आधी चष्मा परत पाठवते म्हणून सांगितलं. मग एका दुपारी सुलभाताई आपल्या अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या, तर कुंपणापाशी एक बाई येऊन उभी राहिली.

"सुलभे, इथे चपला लागत नाहीत काय गं? मी मघापासून शोधतेय."

"वन्सं? तुम्ही?"

"मग कोण? आणि हे बघ, मी घरापासून चालत आले. कुणाचा हात न धरता."

तेव्हापासून दुपारची झोप दोघींनी सोडून दिली. नदीच्या कडेकडेने त्या चालायच्या आणि भांडायच्या.

"ही होडी डावीकडे का वळते गं?"

"तुम्ही डावीकडे वळवता म्हणून."

"मी सरळच नेतेय. तुझा खेळच वाकडा."

"माझ्या कॅसेटलाही तुम्ही असंच बोलला होता."

वन्संनी वल्हं थांबवलं. "तेव्हा मला कुणी खेळायला बोलवलं नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या खेळाला दोघांनी खेळायची दोन बटणं होती. एक मला दिलं असतंस तर?"

इतक्या वर्षांच्या अढीखाली एवढंसं निघेल असं सुलभाताईंना वाटलंच नव्हतं.

गणपतीनंतर एके दिवशी होडीच्या धक्क्यावर एक पाटी दिसली. "गावकरी हो, दिवाळीनंतर हे गाव बंद होईल. ज्या यंत्रांवर ते उभं आहे त्यांचं भाडं आता झेपत नाही. तुमच्या घरांची छायाचित्रं मी पाठवीन. माफ करा. – जोहरा मणेर."

वन्संनी पाटी दोनदा वाचली. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "एवढं चालून गुडघे दुखायला लागले होते." आणि स्वतःच हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. सुलभाताईंनी लातूरला फोन केला तेव्हा भाचा म्हणाला, "मामी, आई चष्मा लावतच नाही. म्हणते, जाणारच आहे तर आत्तापासूनच सवय मोडते."

सुलभाताईंनी फोन ठेवला. मग त्यांनी मनगट तोंडाशी नेलं.

"घाश्या, तो गावाचा खेळ मला घ्यायचाय. पूर्ण किमतीला."

"आपल्याकडे हा खेळ आहे."

"पुन्हा घ्यायचाय. नऊशेला."

"या वस्तूचा तळभाव अकरा रुपये आहे. अधिक रक्कम देणे आपल्या हिताविरुद्ध आहे. आपण कुणाच्या दबावाखाली आहात का?"

"अरे, माझ्या मनाने देतेय!"

"वृद्ध व्यक्तींच्या फसवणुकीत असेच सांगितले जाते. कुटुंबाला कळवले आहे."

पाठोपाठ ऋतुजा कणकेचे हात तसेच घेऊन धावत आली. "आई! कोण आहे? कुणाचा फोन आहे? काही सांगितलं का बँकेचं?"

सगळं ऐकल्यावर ती खुर्चीवर बसली. तिला वाईट वाटलं, पण ती समजुतीने बोलली. "त्या बाईंना जास्त पैसे देता येणारच नाहीत, आई. घाश्या असेपर्यंत नाही. आणि घाश्या काढला तर आपलं घर दुकानांना सताड उघडं दिसतं. दूध, गॅस, तुमच्या गोळ्या, सगळ्याचे भाव चढतात. सगळं घर एकाच खात्यावर आहे."

"मग मी तिला भेटून येते."

"कुणाला?"

"जोहराला. पाटीवर नाव आहे ना तिचं, आणि खेळाच्या पावतीवर मिरजेचा पत्ता."

मिरजेची गाडी बार्शीवरून जाते. सुलभाताई सकाळी बसल्या आणि दुपारी मिरजेत, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीमागे, एका दुमजली घराच्या दारात उभ्या राहिल्या. दार उघडणारी मुलगी तिशीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केसांत पेन्सिल खोवलेली. खोलीत पडद्यांच्या शेजारी बांगड्यांचे रिकामे लाकडी खुंटे होते. ते तिच्या वडिलांचे.

"काकू, एवढ्या लांबून? अहो, फोन करायचा ना."

"फोनवर माझं यंत्र मध्ये बोलतं. हे बघ, मी तुझा खेळ अकरा रुपयांना घेतला. आता नीट भाव सांग. किती द्यायचे?"

"काही नको. तुम्ही मागितला, मी दिला. सौदा झाला."

"नऊशे लिहिलेत."

"ते लिहायला असतं काकू. सहाशेला मी खुशीत असते."

"सातशे घे."

"साडेपाचशे."

"अगं, खाली काय येतेस!"

"तुम्ही वर चढता म्हणून."

दोघी एकदमच हसल्या. जोहराने चहा टाकला. चहा पिताना सुलभाताईंनी मनातलं विचारलं. "मला एक सांग. तूच एवढ्या कमी भावाला तयार झालीस. मग मी घेतला यात माझं काय चुकलं? खरं सांग. मी वाईट वाटून घेणार नाही."

"स्वस्तात घेणं चूक कसं असेल? माझे अब्बा जन्मभर स्वस्तात द्यायचे," जोहरा म्हणाली. मग तिने विचारलं, "काकू, तुमचं गाव कुठलं?"

"बार्शी."

तिने पडद्यावर काहीतरी शोधलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. "माझ्याकडे तुमचं गाव भेंडवस्ती लागलंय."

"ही कुठे आली?"

मग जोहराने सगळं सांगितलं. तिचे अब्बा आठवडी बाजारात बांगड्या विकायचे. रोज गाव वेगळं, आणि म्हणून रोज नव्या गावाची बोहनी. तुमच्याकडे भवानी म्हणतात तीच. त्या बाजारातलं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती जाऊ द्यायचं नाही, ते म्हणेल त्या भावाला द्यायचं, हा त्यांचा नेम. अब्बा गेल्यावर जोहराने खेळ बनवला आणि त्याच्या विक्रीच्या यंत्राला तोच नेम शिकवला. प्रत्येक गावात दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणेल तो भाव, फक्त शकुनाच्या अकरा रुपयांच्या खाली नाही. मनात होतं, आडबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या माणसांना खेळ मिळावा.

"महिनाभर छान चाललं. कुणी शंभर द्यायचं, कुणी पन्नास. एका मावशींनी गुळाची ढेप पाठवली. मग घाश्यांना हे कळलं. खेळ काही टपालाने येत नाही, त्यामुळे गाव कोणतंही लावता येतं. ज्या वस्तीवर त्या दिवशी कुणी घेतला नसेल तिचं नाव ते तुम्हाला लावायचे. राज्यात वाड्यावस्त्या काय थोड्या आहेत? ज्याला त्याला बोहनी! दीड लाख माणसांनी खेळ घेतला काकू, आणि जवळजवळ सगळी पहिलीच गिऱ्हाइकं."

"मग तू तो नेम काढून का नाही टाकलास?"

"काढला ना. पण तळ एकदा कळला की वर कुणी चढत नाही. सगळे घाश्या आता वाट बघत बसलेत, मी पुन्हा अकरावर कधी येते त्याची. चार महिन्यांत एकही विक्री नाही."

सुलभाताई पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत होत्या. भेंडवस्तीच्या खाली आणखी एक नाव होतं. "हे कोण?"

जोहराचा हात पडदा परत वळवायला गेला, पण मग तिने सांगितलं. "तिथल्या अंगणवाडीच्या ताई. त्यांच्याकडे घाश्या नव्हता. पोरांना नदी दाखवायची म्हणून त्याच दिवशी त्यांनी तीस रुपयांना मागितला होता. पण भेंडवस्तीची बोहनी सकाळीच झाली होती. यंत्राने त्यांना नाही म्हटलं."

सुलभाताईंनी चहाचा कप खाली ठेवला. बाजारात त्यांनी कितीकांना घासलं असेल, पण दुसऱ्या बाईच्या हातातली वस्तू ओढून कधी घेतली नव्हती.

"मला ठाऊक नव्हतं गं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं असेल? म्हणून तर सांगत नव्हते." जोहराने त्यांच्या हातावर हात ठेवला. "अब्बा भाव उतरवायचे तेव्हा त्यांना माणूस दिसायचा. समोरच्यालाही अब्बा दिसायचे. कुठे थांबायचं ते दोघांनाही कळायचं. माझ्या यंत्राला नुसता आकडा ठाऊक. आकडा म्हटला की तो हुडकता येतो."

सुलभाताईंनी मान वर केली. "पुन्हा म्हण."

"काय?"

"आकडा आहे म्हणून हुडकता येतो. मग आकडाच नसला तर? मी बिलखिडकीवरून उठून बाजारात जायची तेव्हा कासाराच्या मनात काय एकच आकडा असायचा? माझ्यासाठी एक, सावकाराच्या बायकोसाठी दुसरा, आणि जिची लेक सासरी निघालीय तिच्यासाठी तिसरा. बोलता बोलता ठरायचा तो. घाश्या दोर कितीही सोडेल, पण तळच नसेल तर मोजणार काय?"

"म्हणजे यंत्र काढून माणूस बसवायचा? काकू, माणूस ठेवायला पैसे कुठायत माझ्याकडे?"

"मला बसव."

जोहरा नुसती बघत राहिली.

"अशी काय बघतेस? जन्मभर त्या बाजूने भाव केला, आता या बाजूने करते. पण फुकट नाही हं. फुकट बसलं की मान राहत नाही. विक्रीतला दहावा हिस्सा."

"आठवा घ्या."

"पुन्हा उलटं!"

यात एकच अडचण होती, पण मोठी. जो विकायला बसेल त्याच्या खात्यावर घाश्या असून चालणार नव्हता. नाहीतर गिऱ्हाइकांचे घाश्या त्याच्याशीच गुपचूप बोलून मोकळे झाले असते. म्हणजे सुलभाताईंना घरच्या खात्यातून बाहेर पडावं लागणार होतं.

ऋतुजा त्या दिवशी पहिल्यांदाच सासूवर ओरडली. "एका खेळासाठी? तुमची रक्तदाबाची गोळी तिप्पट भावाने मिळेल! दर महिन्याला!"

"मग औषधवाल्याशी बोलेन."

"तो बोलत नाही, आई. त्याचं यंत्र बोलतं."

"त्याला तोंड आहे ना?"

"आणि नाही दिलं त्याने तर? तुम्ही आम्हाला सांगणार नाही, मला माहितीय. गपचूप गोळ्या अर्ध्या करून खाल. मागे सोरायसिसच्या मलमाचं तसंच केलं होतं." ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "खेळ चालू ठेवा म्हणून मीही सही करीन, पत्र लिहीन. पण घरातून बाहेर पडू नका."

"अगं, घरातून कुठे? खात्यातून." सुलभाताईंनी तिला जवळ ओढलं. "त्या लातूरच्या पलंगावर मी असते तर तू काय केलं असतंस, ते सांग."

ऋतुजाने डोळे पुसून ताईंचं मनगट हातात घेतलं आणि स्वतःच त्यांना खात्यातून वेगळं केलं. "गोळ्यांची पाकिटं मी दर रविवारी बघणार," तिने बजावलं. "अर्धी गोळी दिसली तर खेळ बंद."

दुसऱ्या सकाळी सुलभाताई औषधाच्या दुकानात गेल्या. यंत्राने तिप्पट भाव दाखवला. त्यांनी यंत्राकडे पाठ केली आणि गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, "तुमच्या आईला आता बरं आहे का?" तो दचकला. कितीतरी वर्षांत गिऱ्हाइकाने त्याला काही विचारलं नव्हतं. बोलणं अर्धा तास चाललं. गोळी घरच्या भावापेक्षा थोडी महाग पडली, पण तिप्पट नाही. परतताना त्यांच्या चालीत जुना ठसका आला होता.

जोहराने खेळाच्या दुकानावरून किंमतच काढून टाकली. तिथे एवढंच लिहिलं: "सकाळी दहा ते बारा. घाश्या बंद करून स्वतः या. भाव बोलून ठरेल." सुलभाताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, इस्त्रीची साडी नेसून, पडद्यापुढे बसल्या.

पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग नांदेडची एक मुलगी आली. घाबरलेली.

"मी... मी किती म्हणू?"

"मी सांगते तो भाव जास्त आहे असं म्हण."

"तुम्ही अजून सांगितलाच नाही."

"नऊशे."

"जास्त आहे."

"छान! आता का जास्त आहे ते सांग."

मुलगी म्हणाली, वसतिगृहात राहते, मेसचे पैसे भरलेत, आणि घरची नदी आठवते. सुलभाताई चारशेवर आल्या. मुलीने स्वतःहून साडेचारशे दिले आणि लाजून हसली. जाताना म्हणाली, "उद्या माझ्या मैत्रिणीला पाठवते. तिला नुसतं बोलायचंय."

पुण्याहून एक भपकेबाज गृहस्थ आले आणि वीस रुपये म्हणाले. ताईंनी त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या चित्राचं इतकं कौतुक केलं, की ते आठशे देऊन गेले. एकदा तर एक घाश्याच बाईचा चेहरा लावून आला. गोड बोलत होता, पदर सावरत होता. ताईंनी त्याला मुद्दाम आपल्या गुडघेदुखीची लांबलचक कथा सांगितली. तो न कंटाळता ऐकत राहिला. "चल नीघ," ताई म्हणाल्या. "खरी बाई असती तर आत्तापर्यंत स्वतःच्या गुडघ्यांचं सांगू लागली असती."

भेंडवस्तीच्या अंगणवाडीच्या ताईंना मात्र सुलभाताईंनी आपणहून फोन केला. त्या तीस रुपये म्हणाल्या आणि सुलभाताईंनी तीसच घेतले. फुकट देऊ केलं असतं तर त्यांना ते आवडलं नसतं.

आश्विनात सकाळच्या दोन तासांत माणसं रांगेत थांबू लागली. कित्येकांना खेळ नकोच होता. कुणीतरी आपल्याशी भाव करावा एवढंच हवं होतं, आणि मग ओशाळून ते खेळ घेत. ज्यांनी अकराला घेतला होता त्यांतले काहीजण परत येऊन उरलेले देऊन गेले. सगळे नव्हेत, फार थोडे. पण यंत्रांचं भाडं निघालं. धनत्रयोदशीला जोहराने धक्क्यावरची पाटी उतरवली.

सुलभाताईंनी लातूरला फोन लावला. "वन्सं, सवय मोडली का?"

"मोडत आली होती."

"मग चष्मा लावा. गाव राहिलंय."

पलीकडे चष्मा शोधल्याची खुडबुड ऐकू आली. मग वन्सं म्हणाल्या, "किती देऊन राहिलं?"

"बोलून राहिलं."

नंतरचं थोडक्यात सांगते. घाश्या काही गेला नाही. तो अजूनही घरोघरी आहे आणि साबण, गॅस, गाद्या स्वस्तात आणतो. पण वस्तू घरपोच येत नसेल तर गिऱ्हाइकाला परक्या गावाचं नाव लावायला पुढे कायद्याने बंदी आली. जोहराने दुसरा खेळ बनवला, तिसराही बनवला. तिच्या केसांत आता पेन्सिलीसोबत पांढरी बटही असते. मिरजेच्या त्या खोलीत सात माणसं काम करतात, आणि विक्रीला म्हाताऱ्या माणसांनाच घ्यायचं असा तिथला रिवाज आहे. ऋतुजा अजूनही घाश्यावरच घर चालवते. मात्र रविवारी सासूबरोबर भाजीला जाते आणि कोथिंबिरीपुरतं तोंड उघडते. ते तिला अजून नीट जमत नाही. सुलभाताई नव्वदीकडे झुकल्यात. आता त्या दहा ते साडेदहा एवढंच बसतात. गोळ्या अख्ख्या घेतात.

यमुनावन्सं त्या दिवाळीनंतर तीन वर्षं रोज दुपारी चालल्या. सुलभाताईंचा डोळा लागायचा त्या वेळीही त्या एकट्या गावात हिंडायच्या, एवढंच ताईंना माहीत होतं. वन्सं गेल्यावर तेरावं उरकून सुलभाताई लातूरहून परतल्या आणि त्यांनी चष्मा लावला, तर वन्संच्या अंगणात गावातली वीस-पंचवीस माणसं उभी होती. कुणी नांदेडचं, कुणी पुण्याचं, कुणी कुठलं. सगळी आजींबद्दल बोलायला आली होती. आजींनी मागच्या परसात वांगी लावली होती आणि रोज दुपारी धक्क्यावर बसून त्या ती विकायच्या, हे ताईंना तेव्हा कळलं.

"दुप्पट भावाने विकायच्या," एकजण म्हणाला.

"तिप्पट," दुसरी म्हणाली. "मी रोज घासाघीस करायची. एक पैसा उतरल्या नाहीत कधी."

"आणि वर म्हणायच्या," तिसरा म्हणाला, "माझ्या भावजयीकडे जा, ती भोळी आहे, ती देईल कमी करून."

सुलभाताई अंगणातल्या पायरीवर बसल्या. इतके दिवस कोरडे राहिलेले डोळे भरून आले, आणि त्याच वेळी त्यांना असं हसू फुटलं की शेजारच्या खोलीतून ऋतुजा काय झालं म्हणून बघायला आली.